सहा मार्कांचा टायर

माझी आत्या कशालाही मार्क देते, दहापैकी. शेजारच्यांच्या नव्या पडद्यांना, दवाखान्यातल्या खुर्च्यांना, बसच्या ड्रायव्हरने मारलेल्या ब्रेकला. माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला तिने पहिल्याच भेटीत साडेपाच दिले. मी तोंड पाडलं तर म्हणाली, "अगं, अजून रुळलेला नाहीये तो. नवा टायरसुद्धा पहिल्या दिवशी खरं बोलत नाही." अर्ध्या मार्काच्या खाली मात्र ती उतरत नाही. पाव मार्काची भाषा करणारा माणूस थापा मारतो, असं तिचं ठाम मत आहे.

ही खोड तिला नोकरीने लावली. आत्या टायरच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर आहे. ताकदवान, वेगवान गाड्यांना लागणारे रुंद, बसके, मऊ रबराचे टायर तिथे बनतात. कारखान्याच्या मागे सात वळणांचा एक रस्ता आहे, जो कुठेच जात नाही, फिरून परत तिथेच येतो. त्याच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी फवारे बसवलेत, म्हणजे हवं तेव्हा रस्ता ओला करता येतो. गाडीत यंत्रं असतात. ती वेग मोजतात, अंतर मोजतात, फेरीला लागलेले सेकंद मोजतात. पण टायर हातात कसा लागतो, घसरण्याआधी काही सांगतो की नाही, हे माणसालाच विचारावं लागतं. ते आत्या सांगते. तिला ते तळहातांतून कळतं आणि सीटमधून कळतं. त्यावरून काका, म्हणजे आत्याचे यजमान, तिला चिडवतात, "सगळ्या जगाची अक्कल डोक्यात असते, हिची बसायच्या जागी."

मार्क द्यायचे तर त्यांना काहीतरी आधार हवा. म्हणून प्रत्येक चाचणीत आधी एक ओळखीचा, खात्रीचा टायर चालवतात. त्याला सगळे 'कंट्रोल' म्हणतात. मग नवा टायर, आणि शेवटी पुन्हा कंट्रोल. कंट्रोलला सहा मार्क. नवा त्याहून बरा वाटला तर साडेसहा, सात, आणि वाईट वाटला तर सहाच्या खाली. कागदावर कंट्रोलच्या चौकटीत सहाचा आकडा छापूनच येतो, ड्रायव्हरने तिथे काही लिहायचंच नसतं. तीस वर्षं आत्याने त्या सहाकडे घराच्या उंबऱ्याकडे बघावं तसं बघितलं. तो असतो, त्याच्यावरून आपण आत-बाहेर करतो, त्याच्याकडे मुद्दाम कोण बघतं?

ती तिथे लागली ते टंकलेखिका म्हणून, एकविसाव्या वर्षी. टेस्ट ड्रायव्हर सगळे पुरुष. फेऱ्या मारून यायचे, हेल्मेट टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "लिहा बाई. टायर बरा आहे."

"बरा म्हणजे कसा?"

"बरा म्हणजे बरा."

आत्याला ते टाइप करायला लाज वाटायची. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक 'बरा'! मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. वळणात आधी गाडीचं पुढचं टोक सुटलं की मागचं? सुटलं ते हळूहळू की झटक्यात? परत पकडीत यायला किती वेळ लागला? एका ड्रायव्हरचं डोकं फिरलं. म्हणाला, "एवढं आहे तर बसा ना शेजारी आणि बघा." त्याला वाटलं, बाई गप्प बसेल. बाई खुर्चीवरून उठली ती थेट गाडीत जाऊन बसली. बारा फेऱ्या झाल्यावर उतरून ती कुंपणापाशी ओकली आणि दुसऱ्या दिवशी एक वही आणि एक कागदी पिशवी घेऊन पुन्हा हजर झाली. पिशवी तिसऱ्या आठवड्यापासून लागेनाशी झाली. वही अजून चालू आहे, सध्या चौतिसावी. एकोणतिसाव्या वर्षी तिने ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज दिला तेव्हा कँटीनमध्ये एक विनोद फिरत होता, बाई आता वळणंसुद्धा टाइप करणार. तिने तो विनोद वहीत लिहून ठेवला आणि पुढे मार्क दिले. चार.

आता जे सांगायचंय ते अलीकडचंच, तीनेक महिन्यांपूर्वीचं. आत्याच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. मी तेव्हा तिच्याकडेच राहत होते. माझी नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, आणि तिचं घर तिथून दोन थांब्यांवर. त्यामुळे रोज सकाळी काय व्हायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कारखान्यातलं काही तिने सांगितलं, काही तिथल्या फिटरभाऊंनी.

यंदा कारखान्याने एक नवा टायर काढला होता. त्याला अजून नाव नव्हतं, सगळे त्याला 'चौदा नंबर' म्हणायचे. आत्याने त्याला ओल्या रस्त्यावर साडेसात दिले होते. साडेसात तिच्याकडून फारसे कुणाला मिळत नाहीत. यंत्रांनीही तेच सांगितलं, कंट्रोलपेक्षा फेरीला दीड सेकंद कमी. तिची सही झाली, साचे बनायला गेले, आणि तिच्या खात्याच्या साहेबांनी वर पत्र पाठवलं की निवृत्तीनंतर या बाईंना नव्या ड्रायव्हरांच्या शिक्षिका म्हणून ठेवावं. अशी जागा कारखान्यात आधी नव्हती. आत्या घरी आली आणि तिने काकांना सांगितलं, "खुर्ची मिळतेय मला. फिरती."

"फिरत्या खुर्चीत ओकू नकोस म्हणजे झालं," काका म्हणाले. पण त्या दिवशी ते दोनदा बाजारात जाऊन आले आणि दोन्ही वेळा काय आणायचं ते विसरले.

खुर्ची आत्याला का हवी होती, हे मला ठाऊक होतं. चौतीस वह्या होत्या. टायर कसा बोलतो हे सांगायला तिने एकेक शब्द जमवला होता, आणि ती गेल्यावर ते सगळं पुन्हा 'बरा म्हणजे बरा'वर येणार, याची तिला धास्ती होती.

विक्रीला काढण्याआधी चौदा नंबरचे पन्नास संच पन्नास गाडीवाल्यांना वापरायला दिले होते. त्यांनी महिन्याने आपला अनुभव एका फॉर्मवर लिहून पाठवायचा. हे फॉर्म आत्या दर गुरुवारी कँटीनमधल्या खिडकीपाशी बसून वाचायची. कुणी लिहिलं होतं, 'मस्त'. एका पिवळ्या गाडीवाल्याने तीन पानं स्वतःच्याच ड्रायव्हिंगचं कौतुक केलं होतं आणि टायरबद्दल शेवटी एक ओळ, 'आवाज कमी'. आत्याने त्या फॉर्मच्या कोपऱ्यात दोन मार्क टाकले. पण चौथ्या गुरुवारी तिच्या लक्षात आलं, की एकच गोष्ट वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा येतेय. ओल्या वळणावर गाडीचं मागचं टोक एकाएकी निसटतं.

त्यातला एक फॉर्म एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता. आत्याने त्यांना फोन लावला.

"गाडी जोरात चालवता का?" तिने सरळच विचारलं.

"चालवते. म्हणून तर असले टायर घेते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मूर्खासारखी नाही चालवत. सहा वर्षं तीच गाडी, तोच रस्ता, तेच वळण. आधीचे टायर सुटायच्या आधी सांगायचे."

"कसे सांगायचे? मला नीट सांगा. मला घाई नाही."

त्या म्हणाल्या, "पेशंटच्या दातापाशी हत्यार नेलं ना, की दुखायच्या आधी तो जरासा आक्रसतो. खांदा उचलतो, पायाचा अंगठा वळवतो. मला कळतं, आता थांबायचं. आधीचा टायर तसा होता. हा तुमचा नवा पेशंट हूं की चूं करत नाही आणि एकदम खुर्चीतून उडी मारतो. माझा मुलगा होता मागे बसलेला. गाडी दुभाजकाला घासून थांबली. पुढच्या वेळी दुभाजक असेलच असं नाही."

आत्याने हे वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन साहेबांकडे गेली. साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट आकड्यात लागते.

"पन्नासात नऊ तक्रारी, मॅडम. एक्केचाळीस लोक खूश आहेत."

"ओल्या रस्त्याबद्दल लिहिलंय फक्त अकरा जणांनी. त्या अकरातले नऊ हे म्हणतायत. बाकीच्यांच्या रस्त्यावर पाणीच नव्हतं."

"आणि तुम्ही काय म्हणाला होतात? ओल्यात साडेसात. सुटण्याआधीची सूचना, साडेसहा. खाली सही कुणाची आहे?"

"माझीच आहे. म्हणून तर आले."

"यंत्रंही तुमच्याच बाजूने आहेत. मग आता काय, यंत्रं खोटी, तुम्ही खोट्या, आणि पिवळ्या गाडीवाले खरे?"

"पिवळ्या गाडीवाला नाही त्या नऊत," आत्या म्हणाली.

साहेबांनी आवाज खाली आणला. "पाच महिने राहिलेत, मॅडम. खुर्चीचं पत्र वर पोचलंय. लोक आधीच म्हणतायत की वय झालं, आता हे काम यंत्रावर करू. त्यांच्या हातात कोलीत कशाला देताय?"

आत्या घरी आली. दोन दिवस कशाला मार्क नाहीत. काकांनी मुद्दाम भाजी खारट केली, तरी नाहीत. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "एक तर नऊ माणसं खोटं बोलतायत, नाहीतर मी. नऊ माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. मग उरलं कोण?"

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चहा आणून ठेवला. काका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा त्यांच्याकडे आहे. आत्याने एक घोट घेतला आणि दोन दिवसांनी पहिल्यांदाच, सवयीने म्हणाली, "सहा."

काका गालातल्या गालात हसले. मग त्यांना राहवेना. "सहाच?"

"रोजचाच आहे ना. रोजचे सहा."

"रोजचा नाहीये बाईसाहेब. तीन महिने झाले. डॉक्टरांनी तुझी साखर कमी करायला सांगितली होती. सांगून तू ऐकली असतीस? मी दर आठवड्याला चिमूटभर काढत गेलो. आधी कपात अडीच चमचे असायची, आज एक आहे. आणि तू रोज आपली सहा देतेयस!" एवढं बोलून ते टेबलावर थाप मारून हसले. "तीस वर्षं टायरची परीक्षा घेणारी बाई, आणि दीड चमचा साखर कळली नाही!"

मी तिचा डबा भरत होते. मला वाटलं, आता भडका उडणार. पण आत्या कपाकडे बघत बसली होती, तळाशी काहीतरी पडलंय असं.

"अहो, अडीच चमच्यांचा एक कप करा."

"आत्ता? डॉक्टर..."

"एक घोट घेणार आहे. करा."

तो कप आला. तिने एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! पाक आहे हा." मग पहिल्या कपातला घेतला. मग पुन्हा दुसऱ्यातला. "म्हणजे चहा बदलत गेला. मीही त्याच्याबरोबर बदलत गेले. मार्क तेवढे तिथेच राहिले."

"तेच तर सांगतोय मघापासून."

"तुम्ही चहाचं सांगताय," आत्या म्हणाली आणि उठली. डबा टेबलावरच राहिला.

वर्कशॉपच्या मागे टायर ठेवायची खोली आहे. थंड, अंधारी, रबराच्या वासाची. फिटरभाऊ तिथले राजे. गेली पंचवीस वर्षं आत्याच्या गाडीला टायर तेच चढवतात. आत्या आत शिरली आणि म्हणाली, "भाऊ, कंट्रोल काढा."

"आज चाचणी कुठंय, बाई?"

"काढा तर खरं."

त्यांनी काळं कापड बाजूला करून चार टायर काढले. पुसून पुसून चकचकीत. खाचेत मोजपट्टी घालून अभिमानाने म्हणाले, "बघा. खाच जवळजवळ नव्यासारखी. ओल्या रस्त्यावर टायर झिजतच नाही. कसा जपलाय!"

"खाच नको. तुमच्या खणात ते काट्याचं यंत्र आहे ना, रबर दाबून कडकपणा बघायचं? ते आणा."

ते यंत्र मुठीत मावतं. खाली बोथट सुई असते, ती रबरावर दाबली की काटा फिरतो, रबर जितकं कडक तितका आकडा मोठा. नवा असताना या टायरचा आकडा बासष्ट होता, कागदावर तशी नोंद आहे. भाऊंनी यंत्र दाबलं. काटा चौऱ्याहत्तरवर गेला. त्यांनी दुसऱ्या टायरवर दाबलं, मग तिसऱ्या. मग यंत्र कानाशी धरून हलवलं, बंद घड्याळ हलवतात तसं.

"यंत्राला काही झालेलं नाही, भाऊ. किती चाचण्या झाल्यात याच्या?"

रॅकला चिठ्ठी टांगलेली होती. प्रत्येक चाचणीला एक रेघ. नऊ रेघा. चाळीस झाल्या की कंट्रोल बदलायचा, असा नियम आहे.

"नऊच आहेत की," भाऊ म्हणाले.

"ही चिठ्ठी चौदा नंबरची. त्याआधीच्या टायरला कुठला कंट्रोल होता?"

"हाच."

"त्याआधी?"

भाऊ खणाकडे वळले. खणातून जुन्या चिठ्ठ्या काढल्या. नव्या टायरचं काम सुरू झालं की नवी चिठ्ठी, अशी पद्धत होती. कुणी चोरी केली नव्हती, कुणी लबाडी केली नव्हती. अडतीस, पस्तीस, एकोणचाळीस आणि नऊ. एकशे एकवीस.

यातलं शास्त्र साधं आहे. टायर पळाला की तापतो, थांबला की थंड होतो. प्रत्येक वेळी रबर थोडंसं कडक होतं. खाच तशीच दिसते, रूप तेच राहतं, पण पकड जाते, आणि सुटायच्या आधी सूचना देण्याची सवयही जाते. हा म्हातारा टायर सहाच्या जागी उभा होता. त्याच्या शेजारी उभं केल्यावर चौदा नंबर उंच दिसला. आधीच्या वर्षांच्या फेऱ्यांशी वेळ ताडून बघावी तर मधल्या काळात रस्त्याचा थर नवा केला होता, त्यामुळे जुने सेकंद कुणी काढलेच नव्हते.

"नवा संच आहे ना कंट्रोलचा?" आत्याने विचारलं.

"एकच आहे. शेवटचा. त्याचा साचा मोडलाय, आता पुन्हा बनायचा नाही. म्हणून तर याला पुरवून पुरवून वापरत होतो. बाई, मी जपत होतो हो."

"जपलंत, भाऊ. आपण दोघांनी फार जपलं. तो शेवटचा काढा आता."

"तो वापरला की संपलं सगळं."

"मग काय त्याला काचेच्या कपाटात ठेवून हार घालायचाय?"

साहेबांनी चिठ्ठ्या पाहिल्या, काट्याचा आकडा पाहिला, आणि बराच वेळ पेन उघडमीट करत राहिले. मग म्हणाले, "कंट्रोल कडक झालाय, मान्य. पण त्याने टायर वाईट ठरत नाही. पुन्हा चाचणी घ्यावी लागेल. आणि मॅडम, स्पष्ट बोलतो. वरचे लोक विचारतील, एकशे एकवीस चाचण्यांत जिला हा कडकपणा कळला नाही, तिच्या नव्या मार्कांवर विश्वास का ठेवायचा?"

"विचारायलाच हवं त्यांनी," आत्या म्हणाली. "म्हणून या वेळी मला काहीच सांगू नका. जुना कंट्रोल, नवा कंट्रोल, चौदा नंबर. कुठला कधी चढवायचा ते तुम्ही ठरवा. टायरच्या बाजूंना काळी पट्टी लावा. कागदावर सहा छापू नका. आणि सगळ्या फेऱ्या संपल्याशिवाय मी एकही मार्क लिहिणार नाही. पहिल्याला सहा देऊन मोकळी होणार नाही."

"आणि चुकलात तर?"

"तर चौदा नंबर बाजारात जाईल आणि मी घरी जाईन. म्हणून चुकायचं नाहीये."

नवा संच दोन दिवस कोरड्या रस्त्यावर रुळवून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी फवारे सुरू झाले. पाच वेळा टायर चढणार होते. क्रम साहेबांनी एका पाकिटात बंद केला, तो फक्त त्यांना आणि फिटरभाऊंना ठाऊक. कँटीनमधले अर्धे लोक कुंपणापाशी जमले होते. भाऊ नंतर मला म्हणाले, "तुझ्या आत्याने त्या दिवशी हातमोजे काढून ठेवले. म्हणाली, आज मधे काही नको."

पहिला संच. तिसऱ्या वळणावर गाडीचं मागचं टोक अचानक बाहेर फेकलं गेलं. कुंपणापाशी कुणीतरी ओरडलं. आत्याने स्टिअरिंग उलटं फिरवून गाडी सावरली, फेऱ्या पूर्ण केल्या, परत आली आणि पाणी प्यायली. दुसरा संच. पुन्हा फेऱ्या, पुन्हा पाणी. तिसऱ्यावरून परतताना तिने काच खाली करून तळहात स्टिअरिंगवर नुसता टेकवून ठेवला होता. भाऊंनी जॅक लावला, चाकं काढली, चाकं चढवली, चौथी खेप सुरू झाली. पहिलीच फेरी अर्धी झाली होती, तेवढ्यात वायरलेसवर आत्याचा आवाज आला.

"भाऊ, उगाच घाम गाळलात. हा तोच आहे."

साहेब भाऊंकडे बघायला लागले. भाऊ आकाशाकडे. साहेबांनी मुद्दाम तिसरा संच उतरवून पुन्हा तोच चढवायला लावला होता.

पाचवी खेप संपल्यावर आत्या बोनेटवर कागद ठेवून लिहायला लागली. एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. मग कागद साहेबांना दिला. पहिला, साडेपाच. दुसरा, चार. तिसरा, सहा. चौथा, सहा आणि पुढे 'तोच'. पाचवा, पाच, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'पहिल्यासारखाच वाटतो, पण तेव्हा मी ताजी होते, आता दमलेय. अर्धा मार्क माझा.'

साहेबांनी पाकीट फोडलं. पहिला आणि पाचवा चौदा नंबर. दुसरा म्हातारा कंट्रोल. तिसरा-चौथा नवा कंट्रोल. यंत्रांचे सेकंदही त्याच ओळीत उभे होते. म्हाताऱ्याहून दीड मार्काने बरा असलेला चौदा नंबर खऱ्या सहाच्या खालीच निघाला होता.

"साचे थांबवावे लागतील," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पन्नास संच परत मागवावे लागतील."

"आजच मागवा. डॉक्टरीणबाईंना मी सांगते." आणि खिशातून घडी घातलेला दुसरा कागद काढून तिने त्यांच्यापुढे धरला. "आणि हा जोडा."

कागदावर चार ओळी होत्या. 'माझा आधीचा अहवाल रद्द करावा. कंट्रोल कडक झाल्याचं मला चालवताना कळायला हवं होतं. त्याच्या चौकटीत सहा छापलेले होते, म्हणून मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. चूक माझी आहे.'

"हे असं लिहायची गरज नाही, मॅडम. चिठ्ठ्यांची पद्धत चुकीची होती, एवढं पुरे. 'चूक माझी' लिहिलंत तर खुर्ची हातची जाईल. रद्द अहवालवाली बाई नव्यांना काय शिकवणार, असं म्हणतील."

"हेच शिकवणार," आत्या म्हणाली. "बाकीचं ते पुस्तकातून शिकतील. ती खुर्ची मला हवीय, साहेब. आधी हवी होती त्याहून जास्त हवीय. तुम्ही वर पत्र पाठवा, त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे. पण मला अजून पाच महिने आहेत आणि दुपारची एक ते दोन माझी जेवणाची सुट्टी आहे. सोमवारपासून मी कँटीनमध्ये वर्ग घेतेय. जो येईल तो येईल."

साहेबांनी कागद घेतला. त्यातली एकही ओळ खोडली नाही, हे मला भाऊंनी सांगितलं.

आत्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. बोलणं मिनिटभराचं. फोन ठेवून आत्या म्हणाली, "म्हणते, तुम्ही माझं ऐकलंत, आता दात दाखवायला या. मी म्हटलं, माझे दात साडेसात आहेत. म्हणते, कंट्रोल कुणाचे?"

सोमवारच्या वर्गाला सहा जण आले, चार नवे ड्रायव्हर आणि दोन यंत्रांवर बसणारी माणसं. आत्याने वह्या उघडल्याच नाहीत. काकांनी घरून थर्मास भरून दिला होता. तिने सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं, "हा आपला कंट्रोल. याला सहा. रोज चहा प्यायचा, मार्क कागदावर लिहायचे, मग टायरबद्दल बोलायचं." मंगळवारी चहा, सहा. बुधवारी, गुरुवारी. पोरं खूश होती. चहा फुकटचा, मार्क ठरलेले. काकांनी रोज किती साखर घातली याची नोंद फ्रिजवर लावली होती. रसायनशास्त्राचा माणूस, दशांशात.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी सगळ्यांनी प्यायला, सगळ्यांनी सहा लिहिले. तेव्हा आत्याने पिशवीतून दुसरा थर्मास काढला. त्यात पहिल्या सोमवारसारखा चहा होता, तितक्याच चमच्यांचा. प्रत्येकाला अर्धा अर्धा कप ओतला आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

सगळ्यांनी पहिला घोट घेतला. मग त्यातल्या सगळ्यात बडबड्या ड्रायव्हरने हातातला पहिला कप उचलून वास घेतला, चव घेतली, दुसऱ्याची घेतली, आणि आपला दहा दिवसांचा कागद उलगडून बघायला लागला. दहा ओळी, दहा सहा.

"बाई," तो म्हणाला, "पेन आहे का? मला हे खोडायचेत."

"खोडू नकोस," आत्या म्हणाली. "खाली लिही, चूक कुणाची ते. आणि मग सही कर."